ताप उतरला, मग श्वास का अडकला? फ्लू, फुफ्फुस आणि यंदाचा पावसाळा

यंदा हज मे महिन्याच्या शेवटी येतोय. त्यामुळे सध्या आपल्या घरांमध्ये एहरामची कापडं, बॅगा, औषधांच्या पिशव्या आणि लसीकरणाची धावपळ सुरू आहे. आमच्या जुन्या जालन्यातल्या एका चाचांना मीच लसीकरणासाठी घेऊन गेलो होतो. मेनिन्जायटिसची सुई घ्यावी लागते, हे त्यांना माहीत होतं. पण वयामुळे त्यांना इन्फ्लुएन्झाची दुसरी सुईही देण्यात आली, तेव्हा ते बाहेर येऊन मला म्हणाले, "सर, सर्दी-जुकाम के वास्ते भी सुई? दो दिन काढा पिये तो उतर जाता ना."

चाचांचं म्हणणं शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत खरंच आहे. फ्लू येतो, तीन-चार दिवस अंग मोडून काढतो आणि जातो. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे. आणि ते थोडे म्हणजे आपल्याच घरातली माणसं असतात.

आठवून पाहा. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला हा पहिला मृत्यू. त्यानंतर शाळा बंद झाल्या, मॉल आणि सिनेमागृहं बंद झाली, रुमालाचे मास्क निघाले. मग आपण ते विसरलो. २०१५ मध्ये देशात एच१एन१ चे ४२ हजारांवर रुग्ण सापडले आणि जवळपास तीन हजार माणसं गेली. २०१७ मध्ये पुन्हा ३८ हजारांवर रुग्ण आणि सव्वादोन हजारांच्या आसपास मृत्यू. या दोन्ही वर्षांत महाराष्ट्राचं नाव यादीत वरच्या बाजूला होतं. २०२३ च्या सुरुवातीला एच३एन२ हा त्याचा भाऊबंद देशभर खोकत फिरला. हे सगळे तपासणीत सापडलेले आकडे आहेत. तपासणीच झाली नाही अशी माणसं त्यात नाहीत, हे खेड्यापाड्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

अशा प्रत्येक मयतीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ताप तर उतरला होता. परवा चहा पण पिली. मग एकदम दम कसा लागला?" लोक याचं उत्तर नजर लागली, डॉक्टरने चुकीची सुई दिली, नाहीतर वेळच भरली होती, असं देतात. मौत बरहक आहे, त्यावर आपला ईमान आहे. पण दम का लागला, याचं एक उत्तर फुफ्फुसाच्या आत आहे आणि ते समजून घेणं आपल्या हातात आहे. विज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मला वाटतं की हे उत्तर घराघरात पोहोचलं तर काही माणसं वाचतील.

आपल्या फुफ्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. दहावीच्या पुस्तकात द्राक्षाच्या घडासारखं चित्र असतं ते. एका माणसाचे सगळे वायुकोश उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटरची चादर होईल, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या घराएवढी. या चादरीची जाडी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. ऑक्सिजन या पातळ पडद्यातून आरपार जातो. (हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त फुफ्फुसातून फिरून डाव्या बाजूला येतं, हे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या दमास्कसच्या हकीमाने लिहून ठेवलं होतं, युरोपाच्या तीनशे वर्षं आधी. आपल्या मुलांना हे नाव माहीत नसतं, म्हणून सांगितलं.) पडदा इतका नाजूक की त्यावर लढाई करणं म्हणजे काचेच्या दुकानात काठ्या चालवणं.

फ्लूचा विषाणू आधी नाक, घसा आणि श्वासनलिकेच्या पेशींत शिरतो. बहुतेकांत तो तिथेच थांबवला जातो. थांबवतो कोण? पेशीत विषाणू शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते. हा जणू मोहल्ल्यातला पुकारा असतो, आजूबाजूच्या पेशी दारं बंद करून घेतात. हे इंटरफेरॉन १९५७ मध्ये शोधलं गेलं तेच मुळी फ्लूच्या विषाणूवर काम करताना. वायुकोशांत तर कायमचे पहारेकरी बसलेले असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. धूळ, धूर, जंतू, जे आत येईल ते गिळून साफ करायचं, ही त्यांची रोजची ड्युटी. आणि त्यांचा मोठा गुण असा की ते हे काम शांतपणे करतात. प्रत्येक कणाला पाहून बोंब मारली तर आपल्याला श्वासच घेता येणार नाही.

पण विषाणू जास्त खोल उतरला, पेशी धडाधड मरायला लागल्या, तर हेच पहारेकरी सायटोकाईन नावाची रसायनं सोडून मदत मागवतात. आपल्याला थंडी वाजते, ताप भरतो, हाडं दुखतात ते बऱ्याच अंशी या रसायनांमुळे. म्हणजे तापाचा मोठा भाग विषाणूचा नसून आपल्या शरीराच्या हालचालीचा आहे. मदतीला सगळ्यात आधी धावतात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. या पेशी घाईच्या. जंतू गिळतात, जहाल रसायनं फेकतात, आणि मरता मरता स्वतःच्याच डीएनएची जाळी बाहेर टाकून शत्रूला अडकवतात. त्या रसायनांना आणि जाळ्यांना शत्रू आणि घर यांतला फरक कळत नाही. त्यांच्या मागोमाग रक्तातून आणखी पेशी येतात, त्याही रसायनं सोडतात.

दरम्यान काही पेशी विषाणूचा नमुना घेऊन जवळच्या लसिका गाठींत गेलेल्या असतात. तिथे टी पेशींची खास पलटण तयार होते. तिला तयार व्हायला वेळ लागतो. विषाणूची संख्या साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, पण ही पलटण मोठ्या संख्येने फुफ्फुसात पोहोचते ती पाचव्या-सहाव्या दिवसाच्या पुढे. तिचं काम म्हणजे विषाणू लपलेली पेशी हेरून ती पेशीच मारून टाकणं. संसर्ग थोडक्यात असेल तर थोड्या पेशी मरतात, सफाई होते, आजार संपतो. संसर्ग वायुकोशांत सगळीकडे पसरलेला असेल तर मारायच्या पेशीही सगळीकडे असतात. पातळ पडद्याला भोकं पडतात, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं वायुकोशांत झिरपतात, आणि जिथे हवा भरायची तिथे पाणी भरतं.

आता ते वाक्य पुन्हा ऐका. "ताप तर उतरला होता, मग पाचव्या दिवशी दम लागला." विषाणू कमी होत असतानाच फुफ्फुस पाण्याने भरत जाऊ शकतं. ताप उतरणं म्हणजे लढाई संपणं नव्हे, कधी कधी ती फक्त जागा बदलते.

याला आणखी एक फाटा आहे. या धामधुमीत वायुकोशांतले जुने पहारेकरी मरतात किंवा सुस्त पडतात. त्यामुळे फ्लू उतरताना न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस हे जिवाणू आरामात आत घुसतात. ताप उतरून दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा जोराचा ताप, पिवळा-गंजासारखा बेडका, छातीत कळ. हा दुसरा न्यूमोनिया. अँटिबायोटिक इथे लागतं. पहिल्या दिवशीच्या फ्लूवर त्याचा काही उपयोग नाही, पण आपल्याकडे नेमकं पहिल्या दिवशी घेतलं जातं आणि गरज असते तेव्हा माणूस घरी झोपलेला असतो.

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ मध्ये, वैद्यकशास्त्राचा नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची यांना जाहीर झाला. बातमी आपल्याकडे दोन ओळींत आली आणि गेली. त्यांनी शोधलं काय? तर आपल्याच टी पेशींमध्ये एक छोटा गट असा असतो, ज्याचं काम लढणं नाही, लढणाऱ्यांना आवरणं आहे. नियंत्रक टी पेशी म्हणा. त्या नसतील तर शरीर स्वतःवरच तुटून पडतं. उर्दूत ज्याला मीजान म्हणतो ना, तोल, तो राखणारी ही मंडळी.

आपल्या विषयाशी याचा संबंध थेट आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. या नियंत्रक पेशी फुफ्फुसाची दुरुस्ती करणारं एक रसायन बनवतात. शास्त्रज्ञांनी काही उंदरांत फक्त या पेशींचं ते रसायन बनवणं बंद केलं आणि त्यांना फ्लू दिला. विषाणूशी लढाई पूर्वीइतकीच चांगली झाली. तरीही या उंदरांची फुफ्फुसं जास्त बिघडली आणि रक्तातला ऑक्सिजन घसरला. म्हणजे शत्रू मारण्यात काही कमी नव्हती, कमी होती ती घर सावरण्यात. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. आपण "इम्युनिटी वाढवा" म्हणून काढे, चूर्ण, गोळ्या विकत घेतो. कोविडच्या वेळी तर इम्युनिटीचा बाजारच भरला होता. पण शरीराला नुसती ताकद नको, वेळेवर थांबता येणंही हवं, हे त्या जाहिरातींत कुणी सांगत नाही.

शंभर वर्षांपूर्वीची साथ याची सगळ्यात मोठी साक्ष आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरावरचे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली आणि ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेली. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा ते दोन कोटी जीव घेतल्याचे अंदाज आहेत. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. नेहमीचा फ्लू म्हातारे आणि तान्ही मुलं नेतो. या साथीत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं गेली. पुढे २००५ मध्ये तो विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा उभा केला गेला आणि २००७ मध्ये कॅनडातल्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत माकडांवर त्याचा परिणाम पाहिला गेला. माकडांची फुफ्फुसं पाण्या-रक्ताने भरली आणि त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया नको तितकी जोरात आणि नको तितकी लांब चालली. तरुण का गेले याचं हे एकमेव कारण नाही. पण एक मोठं कारण हेच मानलं जातं.

आणि फक्त पेशींवर सगळं ढकलूनही चालणार नाही. त्या वर्षी मुंबईत युरोपियन लोकांत हजारी आठच्या आसपास माणसं गेली, मुसलमानांत हजारी एकोणीस, आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हणत त्यांच्यात हजारी एकसष्ट. पेशी सगळ्यांच्या सारख्याच होत्या. खोल्या, अन्न आणि दवाखाने सारखे नव्हते.

मग "लढाईच जास्त होते, तर ती दाबून टाकू" असं कुणालाही वाटेल. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी डेक्सा हे नाव ऐकलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दिसलं की ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू या स्वस्त स्टिरॉइडने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. हा दुसरा अर्धा भाग आपल्यापर्यंत आलाच नाही. २०२१ ला काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे गेले ते आपण पाहिलं. त्यात साखर आणि अंदाधुंद स्टिरॉइड यांचा हात मोठा होता.

फ्लू हा कोविड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत गंभीर फ्लूमध्ये स्टिरॉइड न देण्याकडेच कल ठेवला आहे. कारण साधं आहे. स्टिरॉइड लढणाऱ्यांना सरसकट खाली बसवतं. विषाणू अजून जिवंत असेल तर त्याला मोकळं रान मिळतं, आणि दुसऱ्या न्यूमोनियाला दारही उघडतं. दमा असलेल्या माणसाला डॉक्टर स्टिरॉइड देतात ती गोष्ट वेगळी, ते बंद करू नका. पण ताप-खोकल्यासाठी "ताकत की सुई" मागणं, आणि मागितली की मिळणं, हे आपल्या तालुक्यांतलं रोजचं चित्र आहे. ती सुई घेतली की दोन तासांत ताप उतरतो, भूक लागते, डॉक्टरचं नाव होतं. आत काय चाललंय ते दिसत नाही. तुमच्या माणसाला सुई दिली जात असेल तर नाव विचारा, चिठ्ठीवर लिहून मागा. यात बेअदबी काही नाही.

खरा उपाय लढाई सुरू होण्याआधी विषाणू कमी करणं हा आहे. जितका विषाणू कमी पसरेल तितक्या कमी पेशी मारायची वेळ फौजेवर येईल. ओसेल्टामिविर ही गोळी त्यासाठीच आहे, आणि ती पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर सगळ्यात जास्त उपयोगी. गंभीर रुग्णाला उशिरा का होईना, देतातच. पूर्वी ही गोळी मोजक्याच दुकानांत मिळायची, २०१७ पासून नियम सैल झाले आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर ती औषधाच्या दुकानांत मिळू लागली. सरकारी नियमावलीत रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. साध्या सर्दी-तापाला तपासणी नको, गोळी नको, घरी आराम. जोराचा ताप असेल किंवा गरोदर, म्हातारे, लहान मूल, साखर-दमा-हृदयाचा आजार असलेले असतील तर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता डॉक्टर गोळी सुरू करू शकतात. दम लागला तर भरती. ही नियमावली चांगली आहे. अडचण एवढीच की लोक पहिले दोन दिवस मेडिकलवाल्याकडून गोळ्या नेतात, पुढचे दोन दिवस सुया घेतात आणि पाचव्या दिवशी अॅम्ब्युलन्स शोधतात.

दुसरा उपाय लस. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. ती फ्लू शंभर टक्के रोखत नाही, पण फौजेला शत्रूचा चेहरा आधीच दाखवून ठेवते. मग तयारीचे पाच-सहा दिवस वाया जात नाहीत. आपल्या भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात, आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये असतो. म्हणून लस घ्यायची योग्य वेळ म्हणजे हेच दिवस, पावसाच्या आधीचे. हलाल-हरामचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ब्रिटनमध्ये मुलांना नाकातून देतात त्या लशीत डुकराचं जिलेटिन असतं, तिथल्या मुसलमानांनी हरकत घेतली आणि तिथे त्यांना इंजेक्शनची बिनाजिलेटिनची लस मिळते. इंजेक्शनच्या फ्लू लसींत सहसा जिलेटिन नसतं. शंका असेल तर डबीवरचे घटक वाचून आपल्या आलिमांना दाखवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्लिपला विचारू नका.

महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून गरोदर महिला, साखर-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी ही लस मोफत ठेवली. निर्णय दाद देण्यासारखा होता. पण माझ्या ओळखीतल्या दहा घरांत विचारलं, तर एकाही बाईला बाळंतपणात ही लस असते हे कुणी सांगितलेलं नव्हतं. केंद्रावर गेलं तर कधी डोस संपलेले, कधी "वरून आले नाहीत". खासगीत घ्यायची तर हजार-दोन हजारांचा खर्च. गरोदरपणात शरीराचा तोल बाळासाठी बदललेला असतो, पोटामुळे फुफ्फुसाला जागाही कमी. २००९ पासून प्रत्येक साथीत गरोदर स्त्रिया जास्त गंभीर झाल्या आहेत. त्यांनाच ही माहिती मिळत नसेल तर शासनाचा निर्णय कागदावरच राहिला म्हणायचं.

जालन्याचं आणखी एक दुखणं आहे. इथल्या स्टीलच्या कारखान्यांनी हजारो घरांना रोटी दिली, ते मान्य. पण भट्टीचा धूर, जिनिंगची रुई, घरातली चूल आणि वर बिडी, हे सगळं ज्यांच्या छातीत रोज जातं, त्यांच्या वायुकोशांतले पहारेकरी काजळीने आधीच पोट भरून बसलेले असतात. ते नवा जंतू गिळणार कसे? अशा कामगाराचा फ्लू आणि शाळेतल्या शिक्षकाचा फ्लू एकसारखा मानून चालत नाही. मोफत लशीच्या यादीत या कामगारांचं नाव यायला हवं. कामगार संघटना, मशिदींच्या कमिट्या, आपले नगरसेवक, कुणीतरी ही मागणी लेखी करावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. व्हेंटिलेटरसाठी घाटीला साठ किलोमीटर पळायची वेळ त्यामुळे कमी व्हायला हवी. ती किती कमी झाली हे या पावसाळ्यात दिसेल.

घरी लक्ष कशावर ठेवायचं? तापापेक्षा श्वासावर. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल, त्याचे सेल बदलून ठेवा. आकडा ९४ च्या खाली गेला, बोलता बोलता दम लागला, ओठ निळसर झाले, माणूस बरळायला लागला, लहान मुलाच्या बरगड्या श्वासाबरोबर आत ओढल्या गेल्या किंवा त्याने दूध-पाणी सोडलं, ताप जाऊन पुन्हा आला, तर रात्र असो की जुम्मा, दवाखाना गाठा. चौथा ते सातवा दिवस जास्त सांभाळायचा. आणि ताप असलेल्याने मशिदीत, शाळेत, दावतीत जाऊ नये. साथीच्या गावात जाऊ नका आणि तिथून निघू नका, ही तालीम आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच मिळालेली आहे.

चाचांचं सांगायचं राहिलं. ते इन्शाअल्लाह जूनमध्ये परततील. मीनाच्या तंबूंत लाखोंच्या गर्दीत राहून आलेले हाजी खोकतच येतात, त्याला आपल्याकडे हजचा खोकला म्हणतात. त्याच सुमारास आपल्याकडे पाऊस सुरू झालेला असेल. घर मुलाखतीला येणाऱ्यांनी भरेल, मुसाफा होईल, गळाभेट होईल, एकाच तांब्याने जमजम वाटलं जाईल. चाचांची सून तेव्हा आठव्या महिन्यात असेल. चाचांना लस मिळाली आहे, तिला नाही. तिच्या नवऱ्याने केंद्रावर विचारलं तर "पुढच्या आठवड्यात या" असं उत्तर मिळालं. आम्ही दोघं सोमवारी पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी मागणी अर्जावर लिहून, पोच घेऊनच येणार आहोत. परत आल्यावर आठ-दहा दिवस चाचांनी वरच्या खोलीत राहायचं, हे त्यांना फोनवर सांगून झालंय. आधी चिडले. मग म्हणाले, "ठीक है सर, दुआ तो दूर से भी होती."